दीड दाण्याची शेंग

तेलगिरणीच्या आवारात घराची अब्रू दहा शेंगांवर ठरायची. ट्रॉली आत आली की तपासणारी बाई वर चढून हाताला येईल त्या पोत्याचं तोंड सोडायची, मान दुसरीकडे वळवायची आणि कोपरापर्यंत हात घालून दहा शेंगा बाहेर काढायची. त्या तिथेच अंगठ्याने फोडायच्या, दाणे पितळेच्या वाटीत टाकायचे. पंधरा किंवा त्याहून जास्त निघाले तर सगळा माल घाण्याला. चौदा निघाले तर सगळा माल घरी. एका घराचा माल एक, तपासणीही एक. पोती किती आहेत याच्याशी त्या वाटीला काही देणंघेणं नव्हतं.

त्या दिवशी वाटीत नऊ दाणे पडले.

बाईने वाटी तिरकी करून दाखवली. वाईट बातमी ती नेहमी हळू आवाजात सांगायची, एवढा चांगुलपणा तिच्यात होता. "नऊ. चार शेंगा तर नुसतं टरफल आहेत. बघा तुम्हीच."

बाप बघत उभा राहिला. वय साठीकडे झुकलेलं, पाठ ताठ आणि बोलणं कमी. इतक्या वर्षांत त्याचा माल कधी परत गेला नव्हता. मागच्या ट्रॉलीवरची माणसं माना लांब करून वाटीत डोकावत होती. त्यातल्या एकाने तोंडाने "च्च" केलं. तो आवाज बापाच्या थेट वर्मी लागला.

"फेरतपासणी एकदाच मिळते," बाई म्हणाली. "चार दिवसांनी घाणा बंद होईल, त्याच्या आत आणा. दहाची मागा नाहीतर शंभर शेंगांची, शंभरी मागा. नियमात दोन्ही आहे."

"शंभरी कोण मागतं?" थोरला मुलगा ट्रॅक्टरवरून म्हणाला.

"कोणीच नाही. बरं आहे तेच. माझा अंगठा काय लोखंडाचा नाही."

ट्रॉली वळवताना थोरल्याने दोनदा इंजिन बंद पाडलं. असं त्याचं एरवी कधी होत नसे.

घर गावाच्या कडेला होतं, पुढे सारवलेलं मोठं अंगण. भरून गेलेली पोती भरलेलीच परत उतरवायची म्हणजे पाठीपेक्षा मनालाच जास्त रग लागते. थोरला आणि त्याची बायको खाली घेत होते, आई पोती ओळीने लावत होती. वरच्या रानाची पोती एका बाजूला, खालच्या रानाची दुसऱ्या बाजूला. आईला सगळं निगुतीचं लागायचं. भरतानाच तिने वरच्या रानाच्या पोत्यांना पांढरी सुतळी आणि खालच्यांना काळी बांधली होती.

वरचं रान म्हणजे टेकाडावरचा मुरमाड तुकडा. कित्येक वर्षं तिथे गवताशिवाय काही नव्हतं. यंदा सुनेने हट्ट धरला, मी तिथे शेंग करते म्हणून. सासऱ्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने दगड वेचले, खुरपलं, शेंग धरायच्या वेळी पाऊस दडी मारून बसला तेव्हा खालच्या विहिरीवरून घागरीने पाणी वाहिलं. तिच्या डोक्यावर चुंबळीची जागा अजून दुखत होती. पाणी सगळ्या वेलांना पुरलं नाही. जिथे पुरलं तिथे शेंग भरली, बाकी ठिकाणी फोल निघाली. तरी निघाली तर खरी.

शेवटचं पोतं उतरलं तसा बाप म्हणाला, "काळ्या सुतळीची तेवढी फेरतपासणीला न्यायची. पांढरी सोडा, शेरडांना टाका. आणि पुढच्या वर्षी ते रान पडीक. माझं चुकलं, मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

सुनेने पदराने तोंड पुसलं आणि ती पोत्याला टेकून बसली. आपली सगळी हंगामभराची मेहनत शेरडांच्या तोंडात जाणार, हे तिला रडू येण्याइतकं लागलं होतं. पण सासऱ्यासमोर रडायचं नाही हे तिने लग्नाच्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

बोलली ती धाकटी मुलगी. ही कॉलेजात शिकायची आणि काढणीसाठी घरी आली होती. संख्याशास्त्राच्या पेपरात ती नापास झाली होती, पुन्हा बसायचं होतं. थोरला तिला मास्तरीण म्हणायचा, आणि नापास झाल्यापासून जरा जास्तच प्रेमाने म्हणायचा.

"बाबा, सगळा माल नेऊ या," ती म्हणाली. "आणि शंभरी मागू या."

बापाने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर आत निघून गेली असती. "दहा शेंगांत एवढी शोभा झाली. शंभर फोडल्या तर दहापट होईल. चार फोल निघाल्या त्याच्या चाळीस निघतील. भर आवारात."

"चाळीस निघतील की नाही, हेच तर आपल्याला माहीत नाही."

"शंभर घेतल्या म्हणून फोल शेंगा भरणार आहेत का?"

धाकटीला आपला पेपर आठवला. त्यात तिने जवळजवळ तेच लिहिलं होतं: नमुना मोठा घेतला की माल आपोआप सरळ होतो, मधोमध उंच आणि दोन्हीकडे उतरता. परीक्षकाने त्या ओळीवर लाल रेघ मारून समोर भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. आणि आता बापाने तीच लाल रेघ शेंगांवर मारली होती. शेंग शंभरांत गेली तरी जेवढ्या दाण्यांची असते तेवढ्याच दाण्यांची राहते. मग सरळ होतं ते नेमकं काय?

"ज्या विषयात नापास झालीस त्याच विषयावर घराचा माल लावायचा म्हणतेस?" थोरला म्हणाला. आई त्याच्यावर डाफरली, पण म्हणण्यात तथ्य आहे असं तिच्याही चेहऱ्यावर दिसत होतं.

सकाळी धाकटीने अंगण झाडलं आणि काडीने मातीवर एक लांब रेघ ओढली. तिच्यावर आकडे मांडले, पाचपासून पंचवीसपर्यंत. बाजूला खड्यांचा ढीग केला. थोरला दात घासत बघत होता.

"हा काय खेळ?"

"खेळच. तू, वहिनी, आई, मी. प्रत्येकाने डोळे मिटून पोत्यात हात घालायचा, दहा शेंगा काढायच्या, फोडायच्या, दाणे मोजायचे. जो आकडा येईल त्याच्यावर एक खडा. गिरणीतली बाई करते तेच, फक्त पुन्हा पुन्हा."

"आणि फोडलेले दाणे?" आईला आधी तेच सुचलं.

"बियाण्याला लागतातच ना, कधीतरी फोडणारच होतो."

हे आईला पटलं. चौघं बसली. बाप ओसरीवर जुन्या खोगिराचा पट्टा शिवत बसला, अंगणाकडे पाठ करून. शेंग फोडणं दिसायला सोपं काम आहे. पहिल्या पन्नासांत गंमत वाटते, मग अंगठ्याच्या नखाखाली ठणका सुरू होतो, मग माणूस शेंग गुडघ्यावर दाबायला लागतो, दाताखाली धरायला लागतो. टरफलाची धूळ नाकात गेली की शिंका. थोरल्याने एकामागून एक इतक्या शिंका दिल्या की आईने त्याला तोंडाला फडकं बांधायला लावलं.

धाकटीने आधी नुसत्या सुट्या शेंगाच बघितल्या. एकेक फोडून ढीग लावले: फोल एकीकडे, एका दाण्याच्या एकीकडे, मग दोनाच्या, तिनाच्या. फोलांचा ढीग चांगला टोपलीभर, एकदाणीचा मूठभर, दोनदाणीचा सगळ्यांत मोठा, तीनदाणीचा बेताचा.

"गिरणीचा हिशेब कसा आहे बघ," ती थोरल्याला म्हणाली. "दहांत पंधरा. म्हणजे एका शेंगेत दीड दाणा."

"दीड दाण्याची शेंग पाहिलीस का गं कुठे? आणून दाखव, मी तुझ्या पायावर डोकं ठेवतो."

"तेच म्हणते मी. तशी शेंग सगळ्या मुलखात नाही. आणि माल पास व्हायचा तो तिच्यावर." एवढं बोलून ती स्वतःच त्या ढिगांकडे बघत राहिली. मधोमध उंच काहीच नव्हतं. दोन टेकाडं, मध्ये खड्डा. माल असाच होता आणि असाच राहणार होता. बापाचं बरोबर होतं.

मग दहा-दहाचे खडे पडू लागले. आईने दहा घातला, पुन्हा आठ, पुन्हा बारा. सुनेने बावीस घातला, वीस घातला. थोरला एकवीस, एकोणीस. दुपारपर्यंत रेघेवर खड्यांचे दोन ढीग उभे राहिले, एक दहाच्या आसपास, एक एकविसाच्या आसपास, आणि मधल्या पंधरा-सोळावर जेमतेम दोनचार खडे.

धाकटीने कपाळाला हात लावला. पुस्तकात लिहिलं होतं की माल कसाही असला तरी मुठींच्या सरासऱ्या मधोमध गोळा होतात. इथे तर त्याही दोन टोकांना जाऊन बसल्या होत्या. नापास झाले ते योग्यच झालं, असं तिला मनापासून वाटलं.

"असू दे मास्तरीण," थोरला म्हणाला, आणि या वेळी त्यात चेष्टा नव्हती. "पुस्तकवाल्यांनी आपली शेंग बघितलेली नसणार."

सून मात्र खड्यांकडे बघत होती. ती उठली, आईच्या मागच्या पोत्याला हात लावला, मग आपल्या पोत्याला. "वन्सं," ती म्हणाली, "सकाळपासून आई पांढऱ्या सुतळीच्या पोत्यातून काढताहेत. मी काळ्या. हेही काळ्याच. आम्ही जिथे बसलो तिथूनच काढत राहिलो."

धाकटीने मान वर केली.

"म्हणजे हा ढीग वरच्या रानाचा," सून काडीने दाखवत म्हणाली, "आणि हा खालच्या. माल एक नाहीच, दोन आहेत. आणि गिरणीतही..." ती थांबली आणि नवऱ्याकडे वळली. "काल ट्रॉली कशी भरली होती तुम्ही?"

"कशी म्हणजे? नेहमीसारखी. जड पोती खाली, हलकी वर. कोणीही तशीच भरेल. नाहीतर गाडी उलटते."

"आणि हलकी कुठली होती?"

थोरल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हलकी म्हणजे फोल. फोल म्हणजे वरच्या रानाची. चांगला गाडीवान जशी भरतो तशीच त्याने गाडी भरली होती, आणि बाईच्या हाताला घरातलं सगळ्यांत वाईट पोतं आणून ठेवलं होतं. ओसरीवर सुईचा आवाज बंद झाला. बाप ऐकत होता.

"मग आता जड पोती वर टाकू," थोरला घाईने म्हणाला. "हाताला काळी सुतळीच लागेल."

"ती फसवणूक," बाप पाठमोराच म्हणाला.

"मिसळायचं," धाकटी उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला होता. "सगळी पोती ओतायची, एकच ढीग करायचा, खालवर करून मिसळायचा. घाण्यात सगळं एकत्रच जातं ना? मग तपासणीतही सगळं एकत्र जाऊ दे. कुठूनही हात घातला तरी त्याला सगळं रान लागलं पाहिजे."

आता आईची पाळी होती. "चांगल्या शेंगा वाईटात घालू? एवढं निवडून बांधलेलं? लोक म्हणतील, हिला घर चालवता येत नाही." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिचं सगळं आयुष्य वेगवेगळं ठेवण्यात गेलं होतं. ओलं वेगळं, सुकं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. सुनेने तिच्या हातातली सुतळी घेतली नाही, नुसती शेजारी बसली. "आई, तुम्ही निवडलंत म्हणून तर कळलं कुठे काय आहे ते. एकत्र बांधलं असतं तर आज काहीच समजलं नसतं."

मग आईनेच पहिल्या पोत्याची गाठ सोडली.

मिसळणं हे काय काम असतं ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. फोल शेंग हलकी, ती फावड्यावरून वर वर राहते. भरलेली जड, ती खाली घरंगळते. नुसतं हलवून भागत नाही, उलट वेगळं होतं. दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून एकाने उचललेलं दुसऱ्याच्या फावड्याखाली टाकायचं, ढीग एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा, मग पुन्हा परत आणायचा. थोरला आणि सून समोरासमोर उभी राहिली. ऊन डोक्यावर. घामात टरफलाची भुकटी चिकटून दोघांचे हात पिवळे झाले. मध्येच ढग आले, तसा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. ढिगावर चवाळी ओढली, बसून राहिले, ढग न बरसता गेले, चवाळी काढली. पुन्हा फावडी. थोरल्याच्या तळव्याला फोड आला तेव्हा बाप ओसरीवरून उतरला, त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि काही न बोलता सुनेसमोर उभा राहिला. सासरा आणि सून असं समोरासमोर काम त्यांनी कधी केलं नव्हतं. तो उचलायचा तिथे ती टाकायची. ताल जमायला वेळ लागला, मग जमला.

उन्हं कलल्यावर धाकटीने जुनी रेघ पुसून नवी ओढली. पाचही जण बसले, बापसुद्धा. ढिगाच्या कुठल्याही बाजूने, कुठल्याही खोलीतून दहा.

पहिला खडा तेरावर पडला. बाप म्हणाला, "झालं." दुसरा अठरावर. मग वीस, सोळा, सतरा, अकरा, एकोणीस, सोळा, अठरा. सुरुवातीला खडे वाटेल तिथे पडत होते आणि धाकटी ओठ चावत होती. पण दहा-दहाच्या वीस मुठी झाल्या, तीस झाल्या, तसं रेघेवर काहीतरी उगवायला लागलं. सोळा, सतरा, अठरावर खड्यांवर खडे चढू लागले. चौदा आणि वीसवर त्याहून कमी, दहा आणि तेवीसवर एखाददुसराच. साठ मुठी झाल्या तेव्हा अंगणात एक नीट टेकाड होतं, मधोमध उंच, दोन्हीकडे उतरत गेलेलं.

"कोणी रचलं हे?" आईने विचारलं. तिला खरंच वाटलं की कोणीतरी हाताने सारखं केलं.

"कोणी नाही," धाकटी म्हणाली. शेजारीच सुट्या शेंगांचे सकाळचे ढीग तसेच पडले होते. दोन टेकाडं, मध्ये खड्डा. तेच पीक. "बाबा, तुम्ही काल विचारलंत, फोल शेंग भरणार आहे का. नाही भरणार. माल जसा आहे तसाच राहतो. पण मुठीत दहाच्या दहा फोल येणं अवघड, दहाच्या दहा तीनदाणी येणंही अवघड. थोड्या या, थोड्या त्या, एकमेकींना सांभाळून घेतात. म्हणून मुठी मध्ये येतात. शेंगा नाही, मुठी. मी पेपरात उलटं लिहिलं."

बाप टेकाडाकडे बघत होता. त्याने पंधराच्या अलीकडचे खडे बोटाने मोजले. "साठांतले बारा पंधराच्या खाली आहेत."

"हो. म्हणजे आपलं पीक चांगलं असूनही दहाच्या तपासणीत पाचांतून एकदा तरी माल परत येणार. नुसत्या हाताच्या लहरीवर."

"आणि शंभरी?"

तिने मुठींचे आकडे पडतील तसे ओळीने वहीत टिपले होते, ते दहा-दहा करून एकत्र केले. शंभराचे सहा आकडे आले: एकशे सहासष्ट, एकशे पंच्याहत्तर, एकशे एकाहत्तर, एकशे अठ्ठावन, एकशे ऐंशी, एकशे एकोणसत्तर. तिने खाली दुसरी रेघ ओढून दहाच्या मापाने सहा खडे ठेवले. सगळेच्या सगळे पावणेसोळा ते अठराच्या पट्ट्यात. वरचं टेकाड पसरट होतं, हे ओढून बांधल्यासारखं.

"दहापट शेंगा फोडल्या तर भरवसा दहापट नाही होत हं," ती घाईघाईने म्हणाली, कारण तिला आता काहीच खोटं सांगायचं नव्हतं. "तिपटीच्या आसपास होतो. पुस्तकात ते वर्गमूळ म्हणून लिहिलंय, मी नुसतं पाठ केलं होतं. आणि शंभरीतही कधीतरी घात होऊ शकतो. पण फार क्वचित."

"दहापट राबायचं आणि तिप्पट मिळवायचं," बाप म्हणाला. "मग यात नवीन काय? शेतीच झाली की." आणि तो हसला. त्या दोन दिवसांत तो पहिल्यांदाच हसला होता, त्यामुळे बाकीच्यांना हसायला जरा उशीर झाला.

थोरल्याच्या मात्र वेगळंच डोक्यात होतं. "मग शंभरी सगळ्यांनीच मागावी की. लोक का भितात?"

धाकटीने विचार केला. "ज्याचं पीक खरंच वाईट आहे त्याने मागू नये. त्याला दहाच बरे, त्यात चुकून पंधरा निघायची आशा असते. ज्याचं खरंच बरं आहे त्याने शंभर मागावेत. त्याला नशिबाची गरज नाही."

बाप उठला, कंबर सरळ केली. सुट्या ढिगांकडे, खड्यांकडे आणि मग ढिगाजवळ बसलेल्या सुनेच्या पिवळ्या हातांकडे त्याने पाहिलं. "भरा पोती," तो म्हणाला. "सुतळी कुठलीही बांधा."

गिरणीत पुन्हा रांग होती. बाईने ट्रॉली ओळखली. "दहाच ना?"

"शंभरी," बाप म्हणाला.

आवारात कुजबुज झाली. ट्रॉल्यांवरची माणसं उतरून जवळ आली. दुसऱ्याची फजिती बघायला माणसाला फार चालावं लागत नाही. बाईने कपाळाला आठ्या घातल्या, अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि बापाला नियम ऐकवला: दहा पोत्यांतून दहा-दहा, एकूण दीडशे हवेत, एकशे एकोणपन्नास चालणार नाहीत. मग ती वर चढली.

पहिल्या दहांत बारा निघाले.

मागून कोणीतरी पुन्हा "च्च" केलं. बापाचा हात ट्रॉलीच्या कडेवर घट्ट झाला. त्याच्या मनात एकच आलं: दहाची मागितली असती तर आत्ता, या क्षणी, सगळं संपलं असतं. सून ट्रॉलीच्या पलीकडे उभी होती. तिने डोळे मिटून घेतले होते. धाकटी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. ते देवाचं नाव होतं की वर्गमूळ, तिचं तिलाच माहीत.

दुसऱ्या पोत्यातून एकोणीस. मग सोळा. मग चौदा, आणि बाईने बापाकडे सहानुभूतीने पाहिलं. मग वीस. सतरा. पंधरा. अठरा. थोरला जमिनीवर बसून बेरीज करत होता आणि दर वेळी चुकत होता, म्हणून मागचा एक माणूस, तोच मघाचा "च्च" वाला, मोठ्याने बेरीज सांगायला लागला. नववं पोतं सोळा. "एकशे सत्तेचाळीस!" तो ओरडला. आता त्याला स्वतःचा माल असल्यासारखं झालं होतं. "तीन हवेत फक्त!"

बाईने दहाव्या पोत्यात हात घातला. पहिली शेंग फोल. दुसरी फोल. तिसऱ्या शेंगेतून दोन दाणे. चौथीतून तीन.

"झाले," बाई म्हणाली, तरी तिने उरलेल्या सहा फोडल्याच, कारण शंभरी म्हणजे शंभर. एकूण एकशे चौसष्ट. तिने चिंधी सोडली, सुजलेल्या अंगठ्यावर फुंकर घातली आणि दप्तरवाल्याला ओरडून सांगितलं, "सगळा माल घ्या आत!" मग खाली उतरता उतरता धाकटीला म्हणाली, "पुढच्या वेळी शंभरी मागायची तर शंभर शेंगा फोडायला तूच ये."

"येईन," धाकटी म्हणाली. परीक्षेला ती आता घाबरत नव्हती. पास होईल की नाही ते ठाऊक नव्हतं, पण प्रश्न कशाबद्दल आहे ते समजलं होतं, आणि हे सुख तिला नवीन होतं.

सुनेने डोळे उघडले तेव्हा हमाल पोती उचलून नेत होते. कुठलं वरच्या रानाचं आणि कुठलं खालच्या, ते आता तिलाही सांगता आलं नसतं. तिला आता रडायची चोरी नव्हती, म्हणून ती थोडी रडली, आणि आईने मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

रिकामी ट्रॉली खडखडत घरी निघाली. टेकाडाच्या वळणावर बापाने थोरल्याच्या खांद्याला हात लावला. "थांबव."

तो खाली उतरला. वरच्या रानात काढणीनंतरची ढेकळं उन्हात पडली होती, कडेला सुनेने वेचलेल्या दगडांची रास होती. तो थोडा वेळ बांधावर उभा राहिला.

"सूनबाई, उतर जरा," तो म्हणाला.

ती उतरली, पदर सारखा केला.

"पेरणीच्या आधी तू मला काहीतरी सांगत होतीस. ओढ्याच्या वरच्या अंगापासून इथपर्यंत चर खणला तर पाणी आपसूक येईल म्हणून. मी तेव्हा ऐकलं नाही." त्याने पायाने एक ढेकूळ बाजूला सारलं. "कुठून खणायचा, ते दाखव."

सुनेने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग ओढ्याच्या दिशेने हात केला आणि ढेकळं चुकवत पुढे निघाली. सासरा तिच्या मागून चालू लागला.